उत्तरदाती क्रमांक तेवीस

१

बुधवारी सकाळी अकराला ग्रंथालयातून एक प्रबंध नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं, आणि साडेअकराला तो कुणी नेला हे ठरूनही गेलं. शोधायला वेळ लागतो, ठरवायला लागत नाही.

मी तिथे पोचले गुरुवारी. दरवर्षी पंधरा दिवस मी या ग्रंथालयाची पुस्तकं मोजून देते. त्याआधी एकतीस वर्षं एका दवाखान्याच्या भांडारात चादरी, बाटल्या आणि कात्र्या मोजल्या. निवृत्त झाले, पण बोटं काही निवृत्त होईनात. इथे मला मोजणीबाई म्हणतात, तेही तोंडावर. माझ्या घरी मोजण्यासारखं फार नाही. दोन खुर्च्या, त्यातली एक अजून नवीकोरी. रविवारी अकराला मुलीचा फोन, सरासरी नऊ मिनिटं.

आत शिरलं की समोर लाकडी खिडकी आणि खिडकीत शिडीकाका. वाचकाने चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, काकांनी शिडीवर चढायचं आणि पुस्तक खाली आणायचं. चौतीस वर्षं हेच. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण काका हे वय नव्हे, हुद्दा आहे.

"आलात?" ते म्हणाले.

"आले. तब्येत?"

"जागेवर आहे."

ॲल्युमिनियमच्या साबणाच्या डबीचं झाकण काढून त्यांनी आतून चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि मला मोजणीचं रजिस्टर दिलं. झाकणाला एक पोचा होता. पोचा गेल्या वर्षीही होता. अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात, त्याला माझा इलाज नाही.

ग्रंथपालसाहेब आपल्या खोलीत वाट बघत होते. "मोजणीबाई, यंदा प्रबंधांपासून सुरुवात करा. एक गेलाय. नेणारी कोण ते ठरलंय. तुम्ही फक्त संख्या लिहायची आणि सही करायची."

"सापडली का ती?"

"ठरलंय म्हटलं ना."

त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. प्रबंध घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचायचे. मंगळवारी सकाळी घेतल्याची सही एका संशोधक मुलीची. परत केल्याच्या रकान्यात मात्र शुकशुकाट. शनिवारी दुपारी बारापर्यंत प्रबंध आला नाही, तर ग्रंथालय तिला बेबाकीचा दाखला देणार नव्हतं. आमचं काही या व्यक्तीकडे राहिलेलं नाही, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं. तो जोडल्याशिवाय सोमवारी विद्यापीठ तिचा स्वतःचा प्रबंध स्वीकारणार नव्हतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा कुणालाच मिळत नाही. म्हणजे सहा वर्षं पाण्यात.

प्रबंधांची खोली एवढीशी. एक कपाट, सात फळ्या, सगळ्यांच्या पाठी काळ्या रेक्झिनच्या. पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसट झालेली, क्रमांकाच्या चिठ्ठ्या डिंक सुकून कधीच गळालेल्या. कोणता प्रबंध कुठे आहे हे काका जागेवरून सांगतात. कपाटाला कुलूप नाही, खोलीला आहे. किल्ली काकांच्या खिडकीमागच्या खिळ्याला.

मी वरून खाली मोजलं. मग खालून वर मोजलं.

दाखल रजिस्टरात प्रबंध दोनशे अकरा. एक गेलेला. कपाटात दोनशे दहा हवेत.

कपाटात दोनशे अकरा होते.

२

त्या मुलीला सगळे प्रश्नावली म्हणत. छापील प्रश्नांचा गठ्ठा कायम काखेत आणि समोर दिसेल त्याला विचारणार, "दहा मिनिटं आहेत का?" मी तिला ग्रंथालयाच्या पायरीवर गाठलं. आत यायला तिला बंदी होती.

"विषय काय तुझा?"

"दोन माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा नेमकं काय होतं."

"बोलतात का?"

"तेच तपासतेय." ती हसली, पण डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण होतं. "बाई, मी तो प्रबंध परत दिलाय. मंगळवारी, पाचच्या टोल्याला, काकांच्या हातात."

"आणि काका काय म्हणतात?"

"आठवत नाही म्हणतात." तिचा आवाज खाली आला. "चिडायचं तरी कुणावर? वर्षभर त्यांनीच मला सगळं शोधून दिलंय. पहिल्या दिवशी मी सूचीत 'संवाद' काढलं. त्याखाली तारायंत्र, टपालखातं, आणि नाटकातली भाषणं पाठ कशी करावीत. मी रडायच्या बेताला आले. काका म्हणाले, 'ताई, माणसं बोलतात ते त्या नावाखाली ठेवलेलं नसतं. लग्न बघा. आजारपण बघा. तुरुंग बघा, भाडेकरू बघा. जिथे दोघांना एका खोलीत राहावं लागतं, तिथे बघा.'"

"खरंच निघालं?"

"ढीगभर. वर म्हणाले, पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडायची. संदर्भांची यादी म्हणजे लेखकाचं येणंजाणं. कुणाच्या घरी उठबस आहे ते कळतं, मग त्या घरी आपण जायचं. असं एका यादीतून दुसरीत जाता जाता तीन ठिकाणी हाच जुना प्रबंध दिसला. एकतीस वर्षांपूर्वीचा, याच गावातला, आणि सूचीत कुठे ठेवलेला, तर 'गृहव्यवस्था'! पडदे आणि लोणची यांच्या मध्ये. काकांनीच काढून दिला."

त्या प्रबंधात चाळीस जोडपी होती. नवऱ्याला वेगळं विचारलेलं, बायकोला वेगळं. नावं नाहीत, नुसते क्रमांक. प्रश्नावलीचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. तेव्हाची जोडपी काय बोलत होती आणि आताची काय बोलतात. तिच्या कामातला एक उतारा अजून ताडून बघायचा राहिला होता, आणि परीक्षक मूळ पान मागणार हे नक्की होतं.

"मंगळवारी वेगळं काही घडलं?"

"काही नाही. दुपारी वाचता वाचता हसू आलं, म्हणून काकांना एक तुकडा वाचून दाखवला. उत्तरदाती तेवीस. एका बाईने नवऱ्याबद्दल इतकं मजेशीर सांगितलंय. शब्दाला शब्द हवा असेल तर कार्ड घरी आहे."

"काका हसले?"

"नाही. शिडीवर चढले."

"कुणाची चिठ्ठी होती?"

"ते नाही पाहिलं."

मी आत येऊन नोंदवहीत त्या प्रबंधाचं जुनं पान उघडलं. एकतीस वर्षांत तो मागणारे दोनच जण. एक प्रश्नावली. दुसरी सही अकरा वर्षांपूर्वीची, चांगली पल्लेदार, खाली दोन रेघा मारलेली. प्रश्नावलीच्या मार्गदर्शक सरांची.

आणि पायरीवरच ती मला म्हणाली होती, सर म्हणतात, असा काही प्रबंध असल्याचं आपण उभ्या जन्मात ऐकलेलं नाही.

३

सरांना विद्यार्थी प्रस्तावना म्हणतात. मुद्द्यापर्यंत त्यांना कुणी पोचलेलं पाहिलेलं नाही.

"बसा, बसा. त्याचं असं आहे," सर म्हणाले, "की मुळात हरवणं म्हणजे काय, इथून सुरुवात करायला हवी."

"माझी सुरुवात झालीये. मी सहीपर्यंत आले आहे," मी म्हटलं आणि वहीतलं पान त्यांच्यासमोर धरलं.

सरांच्या टेबलावर नऊ पुस्तकं उघडी पालथी पडली होती, पाठी वर करून, उन्हात पडलेल्या गाईंसारखी. एकात खूण म्हणून कंगवा. त्यांनी सहीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा सहीकडे. सही जागची हलली नव्हती.

"माझं एक पुस्तक आहे," ते म्हणाले. "बरंच गाजलेलं. त्यातलं चौथं प्रकरण."

"त्या प्रबंधातलं?"

"प्रेरणा घेतलेली."

"किती पानं प्रेरणा?"

"अठ्ठावीस." त्यांनी चष्मा पुसला. "तो लिहिणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या होत्या. कुणी विचारणार नव्हतं. आणि आता माझीच विद्यार्थिनी तो संदर्भ देणार, परीक्षक दोन्ही शेजारी ठेवून वाचणार. खरं सांगू? मंगळवारी संध्याकाळी मी त्या खोलीत गेलो होतो. प्रबंध उचलायलाच. किल्ली खिळ्यावर होती, काका खिडकीत नव्हते."

"किती वाजता?"

"सव्वापाच. पण तो तिथे नव्हता. तिसऱ्या फळीवर त्याची जागा मला पक्की ठाऊक आहे, डावीकडून नववा. नववा ओढून बघितला, तर भलतंच काहीतरी. शेजारचे दोन बघितले. परत ठेवताना घाम फुटला, रांग इतकी घट्ट, बोट शिरेना."

या माणसावर विश्वास ठेवावा असं त्यांच्यात काही नव्हतं. पण मी त्या पालथ्या पुस्तकांकडे बघितलं. हा गृहस्थ आयुष्यात एखादं पुस्तक पळवील, नाही असं नाही. पण पळवल्यावर रिकाम्या जागेत दुसरं आणून ठेवील? याच्या हातून आजवर झाकण बरणीवर गेलं नसेल.

पाचला प्रबंध खिडकीवर आला. सव्वापाचला कपाटात नव्हता, आणि त्याची रिकामी जागाही नव्हती.

उठताना मी म्हटलं, "चौथ्या प्रकरणाचं काय करणार?"

"त्याचं असं आहे," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढे काही बोलले नाहीत.

४

शुक्रवारी मी एकेक प्रबंध उघडून आतला क्रमांक रजिस्टराशी ताडायला घेतला. दुसरी फळी संपत आली तेव्हा खळीचा वास आला, आणि त्यामागून बाइंडर.

मंगळवारी चारला तो याच खोलीतून खालच्या फळ्यांवरचे वीस फाटके प्रबंध डागडुजीला घेऊन गेला होता आणि बुधवारी सकाळी परत आणून लावले होते. म्हणून साहेबांच्या मनातल्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं.

"माझ्याकडे वीस आले, वीस गेले," तो म्हणाला. "दोरा माझा, खळ माझी. दुसऱ्याचं काय करायचंय मला? वाचायचं? बाई, मी चाळीस वर्षं पुस्तकं शिवतोय. वाचत बसलो असतो तर शिवली असती का?"

"रागावू नका. मंगळवारी तिसरी फळी बघितली होती?"

"तेव्हा ती पोरगीच नववा घेऊन बसली होती. तिथे बोटभर फट होती, रांग कललेली. मी म्हटलं काकांना, पाठ मोडेल हो. ते म्हणाले, संध्याकाळी येईल परत." त्याने मान वळवली आणि तिसऱ्या फळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उघडूनसुद्धा न बघता एका पाठीवर अंगठा ठेवला. "हा माझा नाही."

"म्हणजे?"

"या कपाटातला प्रत्येक दोरा माझ्या हातचा आहे. हा नाही. पाठीच्या टोकाला ही दोरपट्टी बघा, निळी-पांढरी, गाठ आतल्या अंगाला. अशी आमचे वडील घालायचे. मला कधी जमली नाही." त्याने अंगठा काढला नाही. "त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. हे इथे कुठून आलं?"

"त्यांनी इथलं काय काय बांधलं होतं?"

"काळ्यात एकच काम. हे ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थेचे वार्षिक अहवाल. सगळे तळघरात आहेत. कोण बघतंय ते."

मी तो खंड ओढला. पहिल्या पानावर संस्थेचं चिन्ह, खाली एका जुन्या वर्षाचा अहवाल. बाइंडरने तो माझ्या हातातून घेतला, ती गाठ दोनदा चाचपली आणि परत दिला. जिन्यापाशी जाऊन मात्र म्हणाला, "जागेवर ठेवाल ना?"

जागेवर. तोच तर प्रश्न होता. मी त्या खोलीतल्या खुर्चीत बसले आणि भांडारातली जुनी रीत आठवली. एखादी चादर तिच्या रकान्यात जास्त निघाली, तर ती कुठल्या रकान्यात कमी पडली ते बघायचं. बाहेरचा चोर जिन्नस उचलतो आणि खिंडार सोडून जातो. खिंडार बुजवणारा चोर नसतो, त्याला रांग कललेली बघवत नाही. त्याने इथलं एक काढलं आणि दुसरीकडचं एक आणून घातलं. मग दुसरीकडेही तेवढंच खिंडार पडलं असणार. आणि ज्याला इथलं बघवलं नाही, त्याला तिथलं बघवलं असेल का?

मी अहवाल काखेत मारला आणि तळघराच्या पायऱ्या उतरू लागले.

५

तळघरात एकच दिवा. अहवालांची फळी गुडघ्याइतक्या उंचीवर, वर्षावार लावलेली. माझ्या काखेतल्या वर्षाची जागा शोधली. जागा रिकामी नव्हती. एक काळी पाठ तिथे अगदी शिस्तीत उभी होती, दोन अहवालांच्या मध्ये, परक्या लग्नात फोटोला उभं राहिलेल्या पाहुण्यासारखी.

प्रबंध होता. दाखल क्रमांक तोच.

समोर एक लाकडी स्टूल. स्टुलाशेजारी जमिनीवरच्या धुळीत डब्याच्या बुडाची गोल खूण. मी मोजल्या. तीन. बुधवार, गुरुवार आणि आजची दुपार.

प्रबंधात एक कोरी मागणीचिठ्ठी खोचली होती. मी तिथे उघडलं. उत्तरदाती क्रमांक तेवीस. लग्नाला पाच वर्षं.

"दिवसभर लोकांना हवं ते शोधून देणारा माणूस," ती बाई सांगत होती. "घरी आला की चष्मा काढतो, साबणाच्या डबीत ठेवतो, झाकण लावतो. पुढचं बोलणं सकाळी. डबी माझ्या हातून एकदा पडली, झाकणाला पोचा आला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. ओरडेल तरी. त्याने झाकण लावून बघितलं, लागलं, आणि झोपला."

मी पान मिटलं. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

मागे पायऱ्यांवर पावलं वाजली. शिडीवर चढणाऱ्या माणसाची पावलं ओळखू येतात, प्रत्येक पायरीवर आधी चवडा टेकतात.

"सापडला?" काका म्हणाले.

"जागेवर नव्हता."

"नाही." ते स्टुलावर बसले. "तुम्हाला कशावरून कळलं?"

"रांग घट्ट होती. आणि चौतीस वर्षांतलं प्रत्येक पुस्तक आठवणाऱ्या माणसाला मंगळवार आठवेना."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"एक बाई आल्या होत्या तेव्हा," ते म्हणाले. "टेपरेकॉर्डर घेऊन. मला दहा मिनिटं विचारलं. घरी काय बोलता? म्हटलं, विशेष काही नाही. मग स्वयंपाकघरात हिच्याबरोबर तीन तास बसल्या. तीन तास, बाई. त्या गेल्यावर मी विचारलं, काय विचारत होत्या? ही म्हणाली, काही नाही. मीही पुढे विचारलं नाही. ते असं पुस्तक झालंय, कपाटात बसलंय, आणि त्याखालून मी रोज शिडी नेतोय, हे मला काय माहीत?"

"आणि मंगळवारी त्या मुलीने वाचून दाखवलं."

"हसत हसत. तिचं काही चुकलं नाही. गंमतच आहे ती." त्यांनी खिशातून डबी काढली, हातात फिरवली. "हिला जाऊन चार वर्षं झाली. मला वाटलं, दुसरं कुणी वाचायच्या आधी आपण वाचावं. दोन दिवसांचा प्रश्न होता. मग साहेबांनी त्या पोरीला धरलं, आणि मी आठवत नाही म्हणून बसलो. एकदा म्हटल्यावर आठवायचं तरी कसं?"

"मग वाचलंत का?"

"रोज डबा घेऊन येतो. उघडतो. तेवीस आकडा दिसतो. मिटतो. बारा पानं आहेत तिची. माझं अर्धं."

मी आयुष्यभर कमी पडलेल्या गोष्टी शोधल्या, जास्त निघालेल्या शोधल्या. हे कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळेना.

"काका," मी म्हटलं, "उद्या बारा वाजता त्या मुलीची सहा वर्षं बुडतायत."

"ठाऊक आहे."

"मी प्रबंध वर नेऊन ठेवू शकते. चुकीच्या फळीवर सापडला म्हणून लिहीन, ते खरंच आहे. पण तिने परत दिला होता हे मी सांगू शकत नाही. ते एकाच माणसाला माहीत आहे."

त्यांनी डबी खिशात टाकली. मी अहवाल त्याच्या जागी सरकवला. फट बुजली. प्रबंध स्टुलापाशी ठेवून मी वर आले.

घरी जाताना लक्षात आलं, मी आपण होऊन प्रबंध त्यांच्याकडेच सोडून आले होते.

६

शनिवारी साडेअकरा वाजले तरी खिडकीत काका नव्हते. साहेब घड्याळाकडे बघत होते. प्रश्नावली दारात उभी होती, काखेत गठ्ठा नाही, हात नुसतेच लोंबकळत. एकतीस वर्षांत मी एक कात्री कुणाच्या भरवशावर सोडली नव्हती.

बाराला दहा कमी असताना पायऱ्यांवर चवडे वाजले. काकांनी प्रबंध साहेबांच्या टेबलावर ठेवला, नोंदवही उघडली, परतीच्या रकान्यात मंगळवारची तारीख घातली आणि शेजारी सही केली.

"ताईंनी मंगळवारी पाचला माझ्या हातात दिला होता. मी तळघरातल्या फळीवर नेला. त्यांच्यावर आलं तेव्हा मी गप्प बसलो."

"गप्प बसलात? का?" साहेब म्हणाले. "ज्याच्या भरवशावर इमारत उभी, त्याने असं करावं? निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या. मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा," काका म्हणाले. कारण मात्र सांगितलं नाही. साहेबांनीही, बोलून झाल्यावर, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दाखल्यावर शिक्का बसला. प्रश्नावली तो कागद दोन्ही हातांत धरून खिडकीशी आली. तिच्या मनात काय काय होतं ते चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, पण शिकलेलं सगळं ऐन वेळी कामी येत नाही.

"का हो, काका?" इतकंच म्हणाली.

काकांनी डबी खिडकीच्या फळीवर ठेवली, पोचा तिच्या बाजूला करून. "तेवीस नंबर आमच्या घरचा."

तिने डबीकडे पाहिलं.

"मी तो उतारा काढून टाकते," ती म्हणाली. "आजच. पानं पुन्हा छापते."

"नको. राहू द्या. तिला कुणीतरी विचारलं होतं, एवढं तरी कुठे लिहिलेलं असू द्या."

ती गेली. सोमवारी तिचा प्रबंध दाखल झाला. सरांनी त्यावर मुकाट्याने सही केली. चौथ्या प्रकरणाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही, प्रस्तावना चालू आहे.

पण त्या शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाची सुटी होऊन सगळे निघून गेल्यावर, काकांनी एक मागणीचिठ्ठी लिहिली. चौतीस वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या माणसाची पहिली चिठ्ठी. पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक, वाचकाचं नाव. ती माझ्यापुढे धरली, कारण द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी सही करून प्रबंध त्यांच्या हाती दिला. ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसले नाहीत. बाहेर आले, वाचकांच्या लांब टेबलाशी, शेवटची खुर्ची ओढून.

मी मोजणी पुढे चालू केली. चौथी फळी, पाचवी. पान उलटल्याचा आवाज अधूनमधून येत होता. दोन तास दहा मिनिटं. मग येईनासा झाला, तेव्हा मी दारात गेले.

प्रबंध मिटलेला होता. चष्मा अजून डोळ्यांवर होता.

"शेवटचा प्रश्न होता," काका म्हणाले. "नवऱ्याला सांगायचं राहून गेलंय असं काही आहे का."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आहे. तो विचारेल तेव्हा सांगेन. घाई नाही."

मी समोरची खुर्ची ओढून बसले. बाहेरून कुणीतरी दार ढकलून पाहिलं, बंद आहे समजून निघून गेलं. काकांनी प्रबंधाच्या कडा टेबलाच्या कडेशी जुळवल्या, मग परत थोड्या तिरक्या केल्या. डबी त्यांच्या कोपराशी उघडी पडली होती. झाकण कुठे होतं कोण जाणे.

त्यांनी मान वर केली. दहा वर्षं मी इथे येते. दहा वर्षांत, कालचा दिवस सोडला तर, त्यांनी मला "आलात?" आणि "निघालात?" याखेरीज काही विचारलेलं नव्हतं. मीही तब्येतीपलीकडे नाही.

"बाई," ते म्हणाले, अडखळत, नवी भाषा बोलून बघावी तसे, "तुम्ही इथून घरी गेल्यावर काय करता?"

मी म्हणणार होते, विशेष काही नाही. ओठांपर्यंत आलं होतं.

मग मी सांगायला लागले. त्या नव्याकोऱ्या खुर्चीपासून. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. बघितलं नाही.